डाग धुवायचा नाही

चाळीस वर्षं लाँड्री चालवली मी. रक्ताचा डाग दिसला की विचार करत बसायचं नाही, लगेच गार पाण्यात. सुनेला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. त्यामुळे मागच्या महिन्यात डावी दाढ काढून आले आणि खळखळून चुळा भरल्या. सात. तोंडात रक्त घेऊन बसणारी बाई मी नव्हे.

तिसऱ्या दिवशी ठणका कानात शिरला. खड्ड्यातली रक्ताची गुठळी वाहून गेली होती, आतलं हाड उघडं पडलं होतं. औषधाची पट्टी भरून घ्यायला चार खेपा झाल्या.

"आजी, चूळ भरली होतीत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे."

आणि दुकानात येईल त्याला सांगितलं, बाईचा हात अजून कच्चा आहे.

आता उजवी दाढ किडली. बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी माझंच काही चुकलं असेल. मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी देते. दीड महिन्यानं नंबर लागेल."

दीड महिना हा ठणका? शेजारी सून उभी. तिच्यादेखत बोलायचं अगदी जिवावर आलं.

"तुमचं नाही चुकलं. चुळा मी भरल्या. सात."

सून छताकडे बघू लागली. हसू दाबताना तिचे खांदे हलतात.

मग बाईंनीच दाढ काढायला घेतली. सुई टोचली तेवढंच दुखलं. मग ओठ परक्याचा झाला. दाढ हलवताना जोर कळला, करकर ऐकू आली, बस. कापसाचा बोळा चावून अर्धा तास बसवलं.

"उद्यापर्यंत चूळ नाही, थुंकणं नाही, नळीनं पिणं नाही. रक्त थोडं झिरपेल, गाल सुजेल. उद्यापासून मिठाचं कोमट पाणी, हळूच."

घरी आले ती थेट बेसिनपाशी. तोंडात लोखंडाची चव.

"आई, पाण्याचा कॉक मी बंद केलाय," सून मागून म्हणाली.

मी डोळे वटारले आणि बोटानं खुणावलं, उघड. बंद नळासमोर गप्प बसण्यात कसली मर्दुमकी? तिनं उघडला. मी वाहत्या नळाखाली हात धुतले, नळ बंद केला, रक्ताची लाळ गिळली आणि खुर्चीत जाऊन बसले. रात्रीपर्यंत उठले नाही.

सकाळी सुनेनं टॉर्च धरली. खड्ड्यात गुठळी होती, काळपट, गच्च.

"पक्का डाग," ती म्हणाली. "आता गिऱ्हाइकांना काय सांगू? कच्चा हात?"

"सांग, सात चुळा," मी म्हटलं. "आणि मीठ आण."