शेवटच्या फेरीची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, कॅप्टन शुकरींनी मला अलेक्झांड्रियाच्या एका मासेमारी नावेवरून आणले. आमच्याकडे पोहायला शिकवणाऱ्याला कॅप्टनच म्हणतात. त्यांनी समुद्राकाठच्या तलावावर मुलामुलींचा संघ उभा केला आणि मला भिंतीवर टांगले.

लांब शर्यतीत पहिल्याची शेवटची फेरी आली की घंटा वाजते, ही जगाची रीत. आमची रीत न्यारी होती. मी प्रत्येकासाठी वाजे, आणि सर्वांत मागे राहिलेल्यासाठी सर्वांत जोरात. त्याने भिंतीला हात लावेपर्यंत कोणी पाण्याबाहेर पडत नसे. "फेऱ्या मी मोजतो, पोरांनो. तुम्ही फक्त पोहा," कॅप्टन म्हणत. त्यामुळे आमची मुले मोजतच नसत, त्यांचे कान माझ्याकडे असत. केवढा मान होता माझा!

कॅप्टन वारले. त्यांच्या जागी आलेल्या कॅप्टन वाएलनी त्यांचे हेच बोल भिंतीवर निळ्या रंगात लिहून घेतले. मलाही लख्ख घासले. मी भाबडी, हरखून गेले.

मग संघाचा वर्धापनदिन आला. त्या दिवशीच्या लांब शर्यतीत इंजी नावाची संथ पोहणारी मुलगी होती. "पूर्ण पोहलीस तर संघात, नाहीतर घरी," असे तिला बजावले होते. पहिल्या मुलासाठी मी वाजले, मागोमाग इतरांसाठीही. मग पाहुण्यांबरोबर फोटो काढायला पोहून झालेली सगळी मुले बाहेर बोलावली.

"कॅप्टन, इंजी अजून पाण्यात आहे," एक मुलगी म्हणाली.

"येईल गं ती. तू टोपी नीट कर, समोर बघ."

इंजीची शेवटची फेरी आली. माझ्या दोरीला कोणी हात लावला नाही. तिने अंतर पूर्ण केले, क्षणभर कान दिला आणि पुन्हा वळली. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी मध्येच दम तुटला आणि तिने कडेची तरंगती दोरी धरली.

"सोडलीस ना अर्धवट?" वाएल म्हणाले.

"घंटाच झाली नाही, कॅप्टन."

"शाळेत मोजायला शिकवत नाहीत वाटतं?"

पाहुणे हसले. त्या दिवशी सर्वांत जास्त पोहलेली मुलगी शर्यत अपुरी सोडली म्हणून संघाबाहेर गेली. ती पुन्हा आली नाही. माझा जीव जळतो, पण मला स्वतःहून वाजता येत नाही.

मित्रांनो, मला नुसती घासूनपुसून ठेवू नका. मागे राहिलेल्यासाठी वाजवायची नसेल, तर वितळवा आणि माझ्यापासून नळाच्या तोट्या करा. निदान कोणाची तरी तहान भागेल.