काळी न पडलेली बाटली

मी एक जुनी, बोटभर उंचीची पाणी तपासायची बाटली आहे. कारखान्यात माझ्या तळाशी तपकिरी औषधाचा थर देऊन बूच घट्ट लावलं. मित्रांनो, माझं काम एकच. पाण्यात मैल्याचे जंतू असले, तर दिवसभरात ते पाणी काळं करून दाखवायचं. तोंड काळं करून खरं सांगायचं, असं हे काम. पण मला त्याचा अभिमान होता.

सेनगाव तालुक्यातल्या एका गावी मिराबाई मला घेऊन आल्या. पाणी तपासायला गावानं निवडलेल्या पाच बायांपैकी त्या एक, आणि सर्वांत काटेकोर. प्रशिक्षणात त्यांना मला भरायचं कसं ते शिकवलं होतं. बाकीचं खोक्यावर बारीक अक्षरांत होतं.

श्रावणात विहिरीभोवती घाण पाणी साचलं आणि दोन लेकरांना जुलाब लागले. विहीर बंद करावी का, हे आता माझ्यावर होतं. बंद केली, तर बायांना पार ओढ्यापलीकडून पाणी आणावं लागणार होतं.

मिराबाईंनी माझं बूच काढलं. तळाचा तपकिरी थर पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"आत केवढी घाण हाय. आंदी इसळून घेते."

त्यांनी मला तीनदा खळखळून विसळलं. भांडं न विसळता पाणी भरणं त्यांना जन्मात ठाऊक नव्हतं. माझं औषध मोरीतून वाहून गेलं. मग विहिरीच्या पाण्यानं मला खुणेपर्यंत भरून त्यांनी फडताळात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी नितळच होते. सरपंच तातेरावांनी मला उजेडात धरलं.

"पानी चांगलं हाय. बिनघोर प्या."

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला फार लाज वाटली, पण काळं होणं आता माझ्या हातात नव्हतं.

पाचव्या दिवशी मिराबाईंची नात मंजुषा जुलाबानं आजारी पडली. चार वर्षांची पोर. तिला जीपमधून दवाखान्यात नेलं. ती वाचली नाही.

पुढच्या आठवड्यात मंजुषाच्या आईनं, शिवकन्येनं, खोक्यावरची बारीक अक्षरं एकेक लावून वाचली. दुसरी बाटली घेतली आणि न विसळता त्याच विहिरीच्या पाण्यानं भरली. दुसऱ्या दिवशी ती काजळासारखी काळी झाली होती. शिवकन्येनं आम्हा दोघींना सासूपुढे ठेवलं.

"आत्याबाई, तुमी हिला काहून धुतली?"

मिराबाईंनी मला उचलून माझ्या तळाशी पाहिलं.

"इसळल्याबिगर पानी कसं भरावं, माय?"

त्याच दिवशी गावानं विहिरीचा दोर काढून ती बंद केली.

मित्रांनो, मला कोणी फेकून दिलं नाही. मी अजून त्याच फडताळात आहे, आणि मिराबाई माझ्याकडे पाहायचं टाळतात. मला त्यांचा राग येत नाही, वाईट वाटतं. तुम्ही कधी पाणी तपासायला निघालात, तर खोक्यावरचं आधी वाचा, कळलं नाही तर विचारा. माझ्या तळाशी काही दिसलं, तर ते राहू द्या. ते धुतलं, की मी फक्त सगळ्यांना आवडेल तेच सांगते.