रुख्मिणीबाईंचा हात माझ्या कठड्यावर

घाबरू नका, जवळ या. पिंजरा आहे खरा, पण वाघाचा नव्हे. अमरावतीच्या दिवाणी कोर्टात साक्षीदार ज्यात उभे राहून शपथ घेत, तो लाकडी पिंजरा बोलतोय मी. सध्या मुक्काम नांदगाव खंडेश्वरची शाळा. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आलो, आज जरा माझं ऐका.

मी मेळघाटातल्या सागवानाचा. परतवाड्याच्या बाजारात माझा ओंडका विकला गेला आणि अमरावतीच्या नत्थुजी सुतारानं मला घडवलं. तीन बाजूंनी कठडा, चौथी बाजू उघडी, चढायला एक पायरी. रंधा मारता मारता नत्थुजी मला म्हणाला होता, "पाय बाबू, तुह्यात उभं राहून लोकं लय खोटं बोलतीन. तू मातर मजबूत राहाजो."

नत्थुजी म्हणाला ते खरं ठरलं. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडणारे सख्खे भाऊ माझ्यात उभे राहिले, दत्तक घेतलेले मुलगे उभे राहिले, तुळशीची माळ घातलेले बुवाही उभे राहिले. ईश्वराला स्मरून खरं सांगेन म्हणायचे आणि दुसऱ्याच वाक्याला ईश्वराला विसरायचे. खोटं बोलणाऱ्याचा हात कठडा घट्ट धरतो. मला ते आधी कळायचं, जज्जसाहेबांना नंतर. कधीकधी त्यांना कळायचंच नाही.

अशी वर्षं गेली. मग रुख्मिणीबाईंचा दावा आला आणि माझ्या लाकडाचं सोनं झालं.

त्याचं असं झालं. सदतीस साली असेंब्लीची निवडणूक होती. नवऱ्याला मत असेल तर बायकोलाही मत, असा नवा कायदा आला होता. नांदगाव खंडेश्वरच्या खुशालरावांची काळीभोर जमीन, त्यामुळे त्यांना मत होतंच. त्यांच्या बायकोलाही मिळालं. पण मतदारांच्या यादीत तिची ओळख एवढीच लिहिलेली: खुशालराव यांची बायको.

मतदानाच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून, बैलांच्या दमणीत बसून आली. शेजारची जमुना सोबत होती. रांगेत तिचा नंबर आला तसं अधिकाऱ्यानं विचारलं, "कोणाची बायको?"

आता वऱ्हाडातली बाई नवऱ्याचं नाव कसं घेणार? आमच्याकडची रीत अशी, की हिच्या नवऱ्याचं नाव तिनं सांगायचं आणि तिच्या नवऱ्याचं हिनं. जमुना मागून म्हणाली, "खुशालरावची हाय जी थे." पण अधिकारी बाहेरगावचा आणि नियमाला चिकटून चालणारा. "मध्ये बोलायचं नाही. जिची तिनं ओळख पटवायची." झालं! ती परत गेली, जमुना परत गेली आणि मागच्या बायकाही एकामागून एक घरी गेल्या.

खुशालराव मात्र मत देऊन, मिशीवर हात फिरवत बाहेर आले. दमणीत बसल्यावर त्यांनी बायकोची थट्टा केली. ती हसली नाही. घर आल्यावर म्हणाली, "मले माह्यं मत पायजे. कोर्टात जाऊन मांगतो."

"लोकं हासतीन ना!"

"हासू द्या."

खुशालराव हट्टी, पण बायको त्यांच्याहून हट्टी. आठवड्यानं त्यांनी स्वतःच बैल जुंपले आणि तिला अमरावतीला मोरोपंत वकिलांकडे घेऊन गेले. या एका गोष्टीसाठी मी त्यांना शंभर गुन्हे माफ करीन. मोरोपंतांनी सगळं ऐकून घेतलं, पगडी काढून ठेवली आणि सांगितलं, "बाई, हा दावा मी चालवतो. हरलो तरी चालवतो."

दाव्याच्या दिवशी पट्टेवाल्यानं पुकारा केला, "रुख्मिणीबाई हाजिर हो!" व्हरांड्यात नांदगावच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली, "हे रुख्मिणी कोन बाप्पा?" वीस वर्षं एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका त्या! तिला धाकटी म्हणून ओळखत, वहिनी म्हणून ओळखत. तिचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. ती उठली तेव्हा त्यांना कळलं.

पण आधी साक्ष झाली खुशालरावांची. मोरोपंतांनी विचारलं, "तुमच्या पत्नीचं नाव सांगा."

खुशालरावांनी मुंडासं सारखं केलं. छताकडे पाहिलं, पंखा ओढणाऱ्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "आमच्या घरचे मानसं."

"नाव सांगा, खुशालराव."

"आता कसं सांगू जी? सासरेबुवा मांगं बसले हायेत ना."

सगळं कोर्ट हसलं. माझ्या फळ्यासुद्धा करकरल्या. मोरोपंत हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मत द्यायला गेलात तेव्हा बायकोचं नाव विचारलं होतं तुम्हाला?"

"नाई जी. माह्यं इचारलं, माह्या बापाचं इचारलं. मत देलं अन् बाहेर आलो."

"बस. एवढंच." मोरोपंत खाली बसले.

मग रुख्मिणीबाई पायरी चढून आत आल्या. उजवा हात कठड्यावर ठेवला. घट्ट धरला नाही, नुसता ठेवला, शेतातून आल्यावर गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. तेवढ्यावरून मी ओळखलं, की ही बाई खोटं बोलणार नाही.

समोरच्या बाजूचे, म्हणजे सरकारचे वकील महादेवराव मोठे हुशार. त्यांनी सापळाच लावला होता. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं, की ते म्हणणार, "इथे घेतलं ना? मग तिथे घ्यायला काय झालं होतं?" आणि नाही घेतलं, तर म्हणणार, "जी कोर्टातही ओळख देत नाही, तिला मत द्यायचं कसं?" इकडे आड, तिकडे विहीर. मोरोपंतांच्या कपाळावर घाम आला होता. मला तर वाटलं, आपली पायरी मोडून बाईला खाली उतरवावं.

"बाई, नवऱ्याचं नाव काय तुमच्या?" महादेवरावांनी विचारलं.

बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

महादेवराव गोड हसले. "लाजता कशाला? उखाण्यात घ्या. आम्हीही ऐकू."

"हे काय हळदीकुंकू हाय का जी?"

हसणारे जागच्या जागी थांबले. रुख्मिणीबाई महादेवरावांशी बोलल्याच नाहीत. सरळ जज्जसाहेबांकडे पाहून म्हणाल्या, "साहेब, मत कोनाचं व्हतं? माह्यंच ना? मंग त्याईचं नाव कावून पायजे? तुमच्या पट्टेवाल्यानं आता माह्यं नाव पुकारलं, अन् मी उठून आली. त्याले नाई लागलं माह्या मालकाचं नाव. तिथंबी असंच माह्यं इचारलं असतं तं मी सांगतलं असतं. कोनी इचारलंच नाई. आमच्या गोठ्यातल्या बैलायलेही नावं हायेत जी. पोळ्याले नाव घेऊन मिरवतात त्याईले. मले कागदावर तेवढंबी नाई."

जज्जसाहेब साक्ष इंग्रजीत उतरवून घेत होते. बैलांपाशी त्यांचा टाक थांबला. त्यांनी बाईंना ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि जसंच्या तसं लिहिलं. मी आजही त्यांचे उपकार मानतो. निकाल मात्र त्यांनी बाईंच्या बाजूनं दिला नाही. नियमात जो प्रश्न आहे तो अधिकाऱ्यानं विचारला, बाईंनी उत्तर दिलं नाही, सबब दावा फेटाळला.

नागपूरच्या हायकोर्टातही तेच झालं. लोक म्हणाले, आता पुरे. पण मोरोपंतांनी ठरवलं, विलायतेला जायचं, प्रिव्ही कौन्सिलात. ते त्या काळचं सगळ्यात वरचं कोर्ट. त्याच्या वर फक्त देव, असं वकील आपसांत म्हणत. मग परतवाड्यापासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंतच्या बायकांनी त्या संक्रांतीला एकमेकींना वाण दिलं नाही. वाणाचं जे काही असेल ते रुख्मिणीबाईंच्या दाव्याला दिलं. ज्यांना स्वतःला मत नव्हतं, त्यांनीही दिलं.

मी अमरावतीचा लाकडी पिंजरा, मी कुठला समुद्र ओलांडतो! पण माझ्यात उभं राहून बोललेले शब्द आगबोटीत बसून गेले. तिकडे युद्ध पेटलेलं. कागद पोचले की बुडाले, तेही लवकर कळेना. मी रोज साक्षीदार घेत होतो, पण माझा सगळा जीव त्या आगबोटीत होता.

निकाल आला तेव्हा मोरोपंतांनी नांदगावला निरोप धाडला. त्या दिवशी कोर्टाचं काम संपल्यावर रुख्मिणीबाई खुशालरावांसोबत माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि मोरोपंतांनी त्यांना मराठीतून निकाल सांगितला. मत जिचं, ओळख तिची. बाईचं स्वतःचं नाव यादीत असलं पाहिजे आणि अधिकाऱ्यानं तेच विचारलं पाहिजे. जे मत नाकारलं ते चुकीनं नाकारलं. खाली बैलांचं ते वाक्यही होतं. विलायतेच्या न्यायाधीशांनी नांदगावच्या गोठ्याची दखल घेतली होती.

 बाईंनी माझ्या कठड्यावरून एकदा हात फिरवला. मग खुशालरावांकडे वळून म्हणाल्या, "चला, बैलायले पानी दाखवाचं हाय."

पुढे माझ्या पायरीला वाळवी लागली. कोर्टात नवा पिंजरा आला आणि मला नांदगावच्या शाळेत पाठवून दिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आपण मोडीत निघालो असंच वाटलं. पण शेहेचाळीस साली पुन्हा निवडणूक आली. बायकांचं मतदान याच शाळेत होतं. गर्दी आवरायला अडसर हवा म्हणून शिपायांनी मला उचलून अधिकाऱ्याच्या टेबलापुढे आणून ठेवलं. नशीब म्हणतात ते हेच.

पहिल्या आल्या रुख्मिणीबाई. केस पिकले होते. अधिकाऱ्यानं यादीवर बोट ठेवून विचारलं, "बाई, तुमचं नाव?"

"रुख्मिणी." तोच हात, तोच कठडा. मत देऊन त्या बाहेर गेल्या.

मग जमुना आली, माणिकबाई आली. त्यांच्यानंतर पार्बताबाई नावाची एक म्हातारी. अधिकाऱ्यानं तिलाही विचारलं, "आजी, तुमचं नाव?" म्हातारी नुसती पाहत राहिली. तोंड उघडलं, मिटलं. कित्येक वर्षांत तिला कोणी विचारलं नव्हतं. सगळे तिला आबाची माय म्हणत. तिला आपलंच नाव उच्चारायचा संकोच वाटत होता. बाहेरून रुख्मिणीबाईंनी हाक दिली, "घे ना माय नाव! तुह्यंच हाय."

म्हातारीनं माझा कठडा धरला. हळूच म्हणाली, "पार्बता." मग स्वतःचंच नाव ऐकून तिला हसू आलं, आणि ती पुन्हा, आता जरा मोठ्यानं, म्हणाली, "पार्बता हाय जी मी."

त्या क्षणी वाटलं, नत्थुजी, तुझा रंधा सार्थकी लागला. खोटं ऐकून ऐकून किटलेलं माझं लाकूड त्या एका नावानं निवलं. ज्या झाडापासून मी झालो त्याचे, मला घडवणाऱ्याचे, मोरोपंतांचे, वाण न लुटणाऱ्या बायकांचे, सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

आता वाळवी अर्ध्यापर्यंत चढली आहे. उद्या मला सरपणात घातलं तरी माझी तक्रार नाही. शाळेच्या चुलीवर पोरींची खिचडी शिजली तर तेही चांगलंच. फक्त त्याआधी एक करा. घरी जा, आणि चुलीपाशी जी कोणी बसली असेल तिला तिच्या नावानं हाक मारा. ती दचकेल. दचकू द्या. मग ओ देईल.