राजासमोरचं झाकण

"पोरगी एक वर्ष थांबली तर काही आभाळ कोसळत नाही," बुद्धिबळाचा पट मांडता मांडता नवरा म्हणाला. "माझ्या नव्या बुद्धिबळाच्या क्लासचं दार कोणी उघडायचं? फोन कोणी घ्यायचे? मोठं काही मिळवायचं तर आधी थोडं सोडावं लागतं."

काळ्या राजासमोर त्याने खोकल्याच्या औषधाचं झाकण ठेवलं. तिथलं प्यादं हरवून वर्षं झाली होती. नवं आणा म्हटलं की म्हणायचा, "तसंही पहिल्याच खेळीला द्यायचंय." समोरच्याने वजिराचं प्यादं पुढे टाकलं रे टाकलं, की हा झाकण त्याच्या तोंडाशी सरकवणार आणि मिशीत हसणार.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून आलेली बायको त्याच्याकडे बघत राहिली. याची सगळी मर्दुमकी म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. छापखान्यासाठी तिच्या बांगड्या सोडल्या, बर्फाच्या कारखान्यासाठी तिच्या आईची जागा. आता नर्सिंगला नंबर लागलेली लेक. स्वतःची दुपारची झोप मात्र या गृहस्थाने कधी सोडली नव्हती. तिला त्याची किळस आली.

"पांढऱ्याला मी बसते," ती म्हणाली. "जिंकले तर ती जाणार."

"तू?" तो खो-खो हसला. "बस, बस. हौस फिटू दे."

तिने वजिरासमोरचं प्यादं दोन घरं टाकलं. झाकण आलं. तिने ते मारलं. मग त्याचा वजीर मिरवत तिच्या गोटात शिरला. इथे भलेभले घाबरून उंट मध्ये घालतात आणि मरतात. चहाचे कप उचलताना तिने ते कितीदा पाहिलं होतं. तिने घोडा काढला.

त्याचं हसू मावळलं. तिच्या हत्तीने हुसकावलेला वजीर थोड्याच वेळात कोपऱ्यात सापडला.

"खेळावर कुणी पोरीचं आयुष्य ठरवतं का?" तो उसळला. "ती थांबणार म्हणजे थांबणार. बोलव तिला."

"ती सकाळच्या गाडीनेच गेली."

"मला न सांगता?"

"तुमच्यासमोरून बॅग नेली. तुम्ही पेपरातला डाव सोडवत होतात. 'येते, बाबा' म्हणाली. तुम्ही 'हं' म्हणालात."

"मग हे खेळलीस कशाला?"

"शब्द पाळता का ते बघायला."

तिला वाटलं, आता तरी विचारेल, पोचली का, कुठे राहणार आहे.

त्याने सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या. मध्येच थांबला, पट उचलून पाहिला, टेबलाखाली वाकला. तिने मूठ घट्ट मिटली.

"अगं," तो खालूनच म्हणाला, "झाकण कुठे गेलं?"