उभी चूल

गोजर सापगावातल्या निम्म्या माणसांना पायांवरून ओळखायची. बसून रांधणाऱ्या बाईला दुसरं दिसतं काय? चुलीपुढं पाटावर बैठक मारली, की उंबऱ्यातून येणारं माणूस आधी पायच दाखवतं. भेगाळलेले रुंद पाय शेजारच्या सकुबाईचे. चुन्यानं पांढरी झालेली नखं नवसू गवंड्याची. आणि चिखल उंबऱ्यावर पुसायचा सोडून आत येऊन सारवलेल्या जमिनीवर पुसणारे पाय तिच्या नवऱ्याचे, महिपतचे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे पाय बघत होती. दोन मुली झाल्या, वाढल्या, नांदायला गेल्या. चिखल काही थांबला नाही.

आता बसण्याचं दुखणं नव्हतं. दुखणं होतं उठण्याचं. तिचे गुडघे असे कुरकुरायचे की चुलीशी निजलेलं मांजर दचकून पळायचं. शेजारची लाकडी मेढ, छपराचा खांब, धरायची, "आयो गं" म्हणायचं, आणि कसंबसं उभं राहायचं. एवढ्यात आठवायचं की मिठाचं मडकं खालीच राहिलं. मग पुन्हा बसायचं. दिवसभर हीच कवायत, आणि पोलिसातली माणसं निदान त्याचा पगार तरी घेतात.

नवे पैसे सुरू झाले आणि शहापूरच्या बाजारात रोज त्यावरून भांडणं लागायची, त्या सुमाराची ही गोष्ट. गोजरच्या धाकट्या बहिणीचा, वेणूचा नवरा कसाऱ्याला रेल्वेत होता. वेणूच्या नातवाच्या बारशाला गोजर गेली आणि तिथल्या क्वार्टरात तिनं कमरेइतका उंच ओटा पाहिला. ओट्यावर चूल! बाई उभ्यानं रांधते! गोजरनं दिवसभर तिथं भाकऱ्या थापल्या, कुणालाही हात लावू दिला नाही. संध्याकाळी वेणू म्हणाली, "बाय, बस आता, दमली असशील." तेव्हा गोजरच्या ध्यानात आलं, की आपल्याला गुडघे आहेत हेच आज ती विसरली होती.

घरी येऊन तिनं महिपतला सांगितलं. महिपतनं घास तोंडात ठेवूनच निकाल दिला.

"उभ्यानं घोडा खातो. मानसानं बसून रांधावं, बसून खावं."

"खायला बसा की तुमी. मी कुठं नको म्हणते? रांधाया तेवढी उभी राहीन."

"ही चूल माझ्या आयनं हातानं घातली. ह्याच चुलीपुढं बसून ती म्हातारी झाली. कदी तक्रार केली तिनं? चूल मोडायची तर आदी मला मोड."

आता आईचं नाव काढलं की महिपतपुढं ब्रह्मदेवाचंही चालत नसे. म्हातारी जाऊन दोन पावसाळे झाले होते, पण तिच्या चुलीचा एक टवका उडाला तरी हा गडी जेवायचा थांबायचा. गोजर गप्प बसली. पण गप्प बसलेली बायको म्हणजे पटलेली बायको, असं समजणारा नवरा अडाणीच म्हणायचा. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. चूल मोडू नको म्हणाले. दुसरी बांधू नको असं कुठं म्हणाले?

पौषात मुरबाडकडं म्हसा गावची जत्रा भरली आणि महिपत बैल बघायला निघाला. त्याची पाठ वळते न वळते तोच गोजरनं नवसू गवंड्याला बोलावलं. गोठ्याच्या विटा उरल्या होत्या, माती घरची, शेण घरचं.

"उभी चूल?" नवसू डोकं खाजवत म्हणाला. "मी जल्मात नाय बांधली. उभी म्हंजे कशी?"

"उभी म्हंजे उभी! तुळस नाय का बांधत तू?"

"तुळस? तुळस डोळे मिटून बांधीन." नवसूचा चेहरा खुलला. "किती उंच पायजे, ते सांग."

बाईच्या कमरेला गवंड्यानं सुतळी कशी लावायची? गोजरनं शेणाचा हात घेतला, मागल्या पडवीच्या भिंतीशी ताठ उभी राहिली आणि कमरेच्या उंचीला भिंतीवर पंजा उठवला. "हितपतूर," ती म्हणाली. आणि तिथपर्यंत ओटा आला. बरोब्बर आला, त्यात नवसूचा दोष नाही. पण हाताची सवय कुठं जाते? त्यानं चारी कोपऱ्यांना कंगोरे काढले. पुढच्या अंगाला पणतीसाठी कोनाडा ठेवला. वर गेरूचं स्वस्तिकसुद्धा काढलं. सकुबाई बघायला आली ती आधी हात जोडून मोकळी झाली, मग विचारलं, "अगो, हिच्यात तुळस कवा लावणार?"

"तुळस नाय, सकुबाय. हिच्यावर मी भात रांधनार."

"रामा!" सकुबाई म्हणाली आणि जोडलेले हात झटकले.

आणि इथं घात झाला. त्या दिवशी गोजरनं सासूची चूल शेणानं सारवून वाळत ठेवली होती, म्हणून घरात निखारा नव्हता. इकडं नवसूला घाई, आपली चूल धूर ओढते की नाही ते बघायची. त्यानं खिशातून विडी काढली, काडी ओढली, विडी पेटवली आणि त्याच काडीनं चुलीतला पाचोळाही पेटवला. जाळ भगकन लागला. धूर सरळ वर चढला आणि खिडकीतून परसात निघून गेला, डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नाही. गोजरनं टाळी वाजवली. सकुबाईचं तोंड मात्र उतरलं.

"अगो, काडीनं पेटवलीस?"

गावची रीत अशी, की चूल घरातल्या घरात हलवली तर जुन्या चुलीचा निखारा नव्या चुलीत न्यायचा. तीच चूल, फक्त जागा बदलली. जो भावाशी भांडून, वाटणी करून वेगळा निघतो, तोच आपली चूल काडीनं पेटवतो. त्या घरचा विस्तव त्याला वर्ज्य.

"अवो सकुबाय, नवसूच्या इडीची काडी ती!" गोजर म्हणाली.

"काडी ती काडी," सकुबाई म्हणाली आणि लगबगीनं निघाली. बाईला कधी नव्हे ते काम आठवलं होतं. दिवेलागणीपर्यंत सापगावात घरोघर बातमी पोचली की गोजर नवऱ्यापासून वेगळी झाली.

महिपत जत्रेहून बैल घेऊन परतला. वेशीवर पहिला भेटला त्यानं विचारलं, "बैल तुझ्या वाटणीचा का तिच्या?" दुसऱ्यानं नुसतं पाठीवर हात ठेवून उसासा टाकला. तिसरा म्हणाला, "पन अशी कवा भांडलात रं? आमाला आवाजबी नाय आला!" महिपत घरी पोचला तो तापलेल्या तव्यासारखा. मागल्या पडवीत जाऊन त्यानं ओटा बघितला, स्वस्तिक बघितलं, कोनाडा बघितला.

"हे काय, देऊळ?"

"चूल हाय," गोजर म्हणाली. "तुमच्या आयच्या चुलीला बोटबी लावला नाय मी."

"काडीनं पेटवलीस ती? मंग हो येगळी! तुझ्या घोड्याच्या चुलीवरचा शिताचा कनबी मी खानार नाय. माझ्या आयची चूल मी सांबाळीन."

आणि महिपत खरोखर रांधायला बसला! ज्या माणसानं जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तो आईच्या पाटावर फतकल मारून भात शिजवायला बसला. पहिला भात करपला. दुसरा कच्चा राहिला. तिसऱ्याला खाली करपण आणि वर कच्चेपणा अशी दोन्ही अंगं साधली. सुकटीचा वास मात्र असा सुटला, की परसातली कुत्री दाराशी रांग लावून बसली. इकडं गोजरच्या ओट्यावर तांदळाच्या भाकऱ्या टम्म फुगत होत्या. कौलांतून एक धूर, खिडकीतून दुसरा धूर. सगळा गाव माना वर करून दोन्ही धूर बघत होता.

नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हती. जे सांगायचं ते नव्या बैलाला सांगायची.

"काय रं राजा," महिपत दावणीशी जाऊन मोठ्यानं म्हणायचा, "जेवायची पितळी कुठं ठेवलीय कुनी, ठावं हाय का तुला?"

"राजा, फळीवर हाय म्हनावं," गोजर आतून ओरडायची. "डोळे असले तर दिसंल!"

बैल बिचारा जत्रेतून नुकता आलेला. इथं सगळेच आपल्याशी बोलतात, असं वाटून तो खूश होता.

पण खरं सांगायचं तर गोजर खूश नव्हती. गुडघे गप्प होते, पाठ ताठ होती, खिडकीतून परसातल्या वाटेवरच्या माणसांची तोंडं दिसत होती. सगळं मनासारखं होतं, आणि भाकरी घशाखाली उतरत नव्हती. एकटीनं खाल्लेली भाकरी कशी उतरणार? पलीकडं तो मेला करपलेला भात चावत बसलाय, हे आवाजावरून कळत होतं. तिला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती, आणि दया आली म्हणून पुन्हा राग येत होता.

बातमी बाजाराबरोबर मुरबाडला पोचली आणि गोजरचा धाकटा भाऊ लखमा गाडी जुंपून दारात हजर झाला. "बाय, तुझी ट्रंक आन," एवढंच म्हणाला. त्याच्या मागोमाग गावातला जाणता धाकलू पाटील आला, पाटलामागं सकुबाई, आणि सकुबाईमागं उरलेला गाव. नवसू कोपऱ्यात उभा होता. विडी पेटवायचं धाडस त्याला होत नव्हतं.

धाकलू पाटलानं अंगणात घोंगडीवर बसून सगळं ऐकलं. मिशी चोळली. मग म्हणाला, "हे बग गोजर. काडीनं पेटवलेली चूल घरात ऱ्हायली, तर घर दोन झालं. मंग सनाला, लग्नाला तुमाला आमंत्रन दोन द्यायची. आज उनं उतरायच्या आत एकच धूर दिसला पायजे. नायतर भावाच्या गाडीत बस. तुझ्या मनात काय हाय ते तू सांग."

गोजरला कसाऱ्याचा तो दिवस आठवला. आता पुन्हा त्या पाटावर बसायचं, मरेपर्यंत बसायचं आणि उठायचं. पण घर मोडायचं नव्हतं तिला. बसण्या-उठण्यापायी कुणी घर मोडतं का? ती गोठ्यात गेली आणि पहार घेऊन आली. पहार बघून नवसूनं डोळे मिटले.

"महिपत!" पाटलानं हाक मारली. "भायेर ये. तुझ्यादेखत मोडू दे."

पाटलानं पुन्हा हाक मारली.

"महिपत, ये की रं! जिकलास तू!"

आतून नुसता कण्हल्यासारखा आवाज आला. लखमा म्हणाला, "मस्ती बघा भावजींची." गोजरनं पहार भिंतीला टेकवली आणि आत गेली.

महिपत चुलीपुढं पाटावर बसला होता. सकाळपासून भाकरी जमवायच्या हट्टानं तिथंच बसला होता, कोपरापर्यंत पीठ, डोळे धुरानं लाल. आणि तोंड असं केविलवाणं, की पहिल्यांदा तिला तो ओळखूच आला नाही.

"काय झाला?"

बैल जवळ नव्हता. सरळ बायकोशीच बोलावं लागलं.

"उठवंना गो," तो हळूच म्हणाला. "गुडघं धरलंत. हाक आयकतोय मगापासून. कुनाला सांगू नको."

गोजरला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती म्हणाली, "माझा हात नका धरू, दोघंबी पडू. ती मेढ धरा. तशी नाय, जरा खाली. तितं हात बसतो."

महिपतनं मेढ धरली. हात खरंच बसला. सगळी मेढ खडबडीत होती, आणि हातभर उंचीवर तेवढीच जागा गुळगुळीत होती, जरा आत गेलेली, बोटांच्या खुणा पडाव्यात तशी. लहानपणापासून तो ती जागा बघत होता. त्याला वाटायचं, लाकूडच तसं असेल.

"हे कशानं झालं?" त्यानं विचारलं.

"आत्याबाय तितंच धरायच्या उठताना. त्यांच्यानंतर मी धरते. मी आले तवा निम्मी झिजली होतीच."

महिपत उभा राहिला, पण मेढ सोडीना. अंगठा त्या खळग्यातून फिरवत राहिला. "आय कदी बोलली नाय," तो म्हणाला.

"तुमी जेवायला बसायचा, तवा त्या उठलेल्या असायच्या."

बाहेर पाटील खाकरला. महिपतनं डोळे पुसले, पीठ सगळ्या तोंडाला लागलं. मग तो वाकला, फुटक्या कौलाच्या तुकड्यावर आईच्या चुलीतले निखारे चिमट्यानं एकेक करून घेतले आणि लंगडत मागल्या पडवीत गेला. नव्या चुलीतली राख काडीच्या जाळासकट बाहेर ओढली. निखारे आत ठेवले, वर दोन काटक्या घातल्या आणि गाल फुगवून फुंकर मारली. जाळ धरला. मागं आईची चूल हळूहळू निवली आणि कौलांवरचा धूर विरळ होत थांबला.

सगळा गाव परसात येऊन खिडकीतून बघत होता. धाकलू पाटलानं वर बघितलं, धूर एकच होता.

"अरं पन महिपत," तो म्हणाला, "आयची चूल मोडलीस शेवटी?"

"मोडली कुठं?" महिपत जाळाकडं बघतच म्हणाला. "आयला उभी केली."

लखमा गाडीचे बैल सोडायला गेला. सकुबाईनं नवसूला बाजूला घेऊन आपल्या पडवीत किती जागा आहे ते हातानं दाखवायला सुरुवात केली. पाटलानं चहा सांगितला. गोजरनं ओट्यावर आधण ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, पदरानं डोळे पुसत. धूर डोळ्यांत गेला म्हणावं, तर त्या चुलीचा धूर सगळा सरळ खिडकीबाहेर जात होता.