थंड बोटांचं काम

म्हातारपणी माणसाचं काय काय थंड पडतं ते सांगण्यात अर्थ नाही. माझे हात थंड पडले आणि या घरात त्यांना भाव आला, एवढं खरं.

मुलगा गिटारवाल्यांसाठी पेडल बनवतो. म्हणजे पत्र्याची डबी. पायाने दाबली की गिटारचा आवाज फाटतो. चांगला आवाज फाडून घ्यायला लोक मागे लागतात, हे मला अजून पटलेलं नाही. डबीत जुन्या रेडिओतले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर लागतात, वाटाण्याएवढे, तीन पायांचे. जात मोठी नाजूक. बोटांची ऊब लागली तरी आतून करंट गळतो आणि मीटर भलताच आकडा दाखवतो. म्हणून तपासताना ते मीटरच्या सॉकेटमध्ये बसवायचं काम माझ्याकडे. सून म्हणते, "बाबांचे हात म्हणजे फ्रीज."

टपाल वाटून रिटायर झालो, त्यानंतर मला कुणी कशाला बोलावलं नव्हतं. आता रोज टेबलाशी माझी खुर्ची असते. त्या खुर्चीवर माझा जीव आहे, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी उठलो तोच अंग मोडून आलेलं. डोळ्यांची आग होत होती. पण ताप म्हटलं की अंथरूण, आणि अंथरुणात गेलेल्या म्हाताऱ्याला कामावर परत कोण घेतो? चहा कसाबसा ढकलला आणि जाऊन बसलो.

मुलाने नवी पिशवी फोडली. मी एकेकाचे पाय सरळ करून बसवत गेलो, तो मीटर वाचत गेला.

"गळतोय. हाही गळतोय. बाबा, पुढचा."

पुढचाही तसलाच. सगळे एकाच माळेचे मणी. मुलाचा चेहरा उतरला. रात्रीची झोप नाही, गिटारवाला फोनवर फोन करतोय, आणि डबीत घालायला एक धड जोडी मिळेना. शेवटी त्याने माल विकणाऱ्या काकांना फोन लावला.

"काका, कचरा गळ्यात मारलात माझ्या!"

पलीकडून काका शपथा घेत होते. माझ्या वाट्याच्या शिव्या ते खात होते आणि मी बोटं चोळत बसलो होतो. मुलाने पिशवी उचलून कचऱ्याच्या डब्यावर धरली तेव्हा मात्र राहवलं नाही.

"माल चांगला आहे रे. ताप मला आहे."

त्याने माझ्या कपाळाला हात लावला. "अहो, अंग भाजतंय की! सांगायचं नाही का?" काकांची माफी मागून त्याने फोन ठेवला, मला तिथल्याच खाटेवर झोपवलं, गोळी दिली.

पडल्या पडल्या मी बघत होतो. त्याने ड्रॉवरमधून प्लास्टिकचा चिमटा काढला आणि ट्रान्झिस्टर पटापट बसवायला लागला. माझ्या दुप्पट वेगाने.

"हा चांगला आहे," तो पुटपुटला. "हाही."

"चिमटा कधी आणलास?"

"केव्हाचा आहे. तुम्ही बसायला लागलात त्याच्याही आधी—" त्याचा हात थांबला.

"मग मला कशाला बसवत होतास?"

त्याने चिमटा टेबलावर ठेवला. "दिवसभर एकट्याने आकडे वाचवत नाहीत, बाबा."

मला राग आला. चांगला मोठा राग यावा एवढं त्राण अंगात नव्हतं. मी कूस बदलली.

"उद्यापासून मी यायचा नाही," मी भिंतीला सांगितलं.

"उद्या नकाच येऊ," तो म्हणाला. "ताप उतरू दे. परवा बसू."