सुलाबाईंचं हिंदी

सुलाबाईंनी डाव्या हातानं निऱ्या घोट्याच्या वर धरल्या, उजव्या हातानं गाजरगवत बाजूला सारलं आणि पाठ केलेलं वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिलं. ‘तुम लोग इधर से निकल जाओ.’ वाक्य काही अवघड नव्हतं. बालोद्यानाच्या फाटकापासून कोरड्या कारंज्यापर्यंत त्या ते सात वेळा म्हणाल्या, एकदाही चुकल्या नाहीत. पण तिथं पोचेपर्यंत म्हातारीनं त्यांच्यासाठी घोंगडी अंथरलेली होती, आणि अंथरलेल्या घोंगडीवर बसून कुणाला निघून जा म्हणायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

“आओ, माताजी,” म्हातारी म्हणाली. “आज खाँसी कम?”

“कम है, कम है,” म्हणत सुलाबाई बसल्या.

हा तिसरा दिवस. पहिल्या दिवशी त्या सांगायला म्हणून गेल्या आणि तांबडी लोकरीची कानटोपी घालून परत आल्या. ‘ठंडी में खाली सिर?’ असं रागावून म्हातारीनंच ती त्यांच्या डोक्यावर चढवली होती, आणि किंमत विचारल्यावर आणखी रागावली होती. दुसऱ्या दिवशी गेल्या, तर म्हातारी लाकडी वाडग्यात कसलंसं पीठ चहात कालवून बोटांनी मळत होती. तिनं त्याचा एक मुटका वळून पुढे केला. ही माणसं काय काय खातात याबद्दल कॉलनीत जे जे बोललं जायचं, ते सगळं सुलाबाईंना त्या एका क्षणात आठवलं. त्यांनी मुटका आधी नाकाशी नेला. मग त्यांचे डोळे मोठे झाले.

“अगं बाई! हे तर सातूचं पीठ!”

चहा खारट होता, पण पीठ थेट नांदगावचं, आईच्या जात्यावरचं. त्यांनी दुसरा मुटका मागून घेतला.

त्या संध्याकाळी बाग समितीचे चिटणीस रावजी गुरुजी त्यांच्या ओट्यापाशीच उभे होते.

“सांगितलंत का, वहिनी?”

“सातू खाल्ला, गुरुजी.”

“काय खाल्लं?”

“सांगते. उद्या नक्की सांगते.”

सांगायला हवं होतं, हे खरं. अष्टमीला, म्हणजे येत्या रविवारी, दत्ताच्या देवळाचा सप्ताह बसायचा होता. देऊळ चार माणसांनी भरून जाईल एवढंच. म्हणून कीर्तनाचा मांडव शेजारच्या बागेत पडायचा, आणि बागेत मांडवाजोगी जागा एकच, कारंज्याभोवतालची फरशी. बाकी सगळी बाग गाजरगवतानं गिळली होती. झोपाळ्याच्या साखळ्या लोंबत होत्या, पाट नव्हता. घसरगुंडीला मधोमध भोक पडलं होतं. ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी मात्र धड होती, आणि अकरा वर्षांत ती आज्ञा कुणी मोडलेली नव्हती, कारण तोडायला फूलच नव्हतं. दर पाडव्याला समिती बसायची, चहा व्हायचा, आणि गुरुजी आपल्या वळणदार अक्षरात ठराव लिहायचे: ‘बागेची निगा राखण्यात यावी.’ कुणी राखावी, ते त्या वाक्यात कधी मावलं नाही. खाली सुलाबाईंचीही सही असायची.

आणि यंदा त्या फरशीवर ही तिबेटी माणसं येऊन राहिली. तीन कुटुंबं. दिवाळी उलटली की शालिमारच्या फुटपाथवर स्वेटर मांडायची आणि संक्रांत झाली की कर्नाटकातल्या आपल्या छावणीत परत जायची. दरवर्षी ज्या धर्मशाळेत उतरायची, तिचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं. मग त्यांनी बागेत ताडपत्र्या बांधल्या. गुरुजींना ती माणसं चिनी वाटत, शेजारच्या कलाबाईला नेपाळी. फरशी शनिवारपर्यंत मोकळी झाली नाही तर यंदाचा सप्ताह राहिला, हे गुरुजींनी सगळ्यांना बजावलं होतं.

सप्ताह राहिला म्हणजे काय, ते सुलाबाईंनाच ठाऊक. बुवा कुठल्या शब्दावर थांबणार, पेटीवाला कुठं मागं पडणार, झांज कधी चढणार, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. मालक गेल्यापासून त्या सात संध्याकाळींच्या जोरावर त्या वर्षाच्या बाकीच्या संध्याकाळी काढत आल्या होत्या. यंदा तर देवळा गावचे बुवा यायचे होते.

“तुम्हीच का नाही सांगत?” त्यांनी गुरुजींना विचारलंही होतं. “राष्ट्रभाषेच्या सगळ्या परीक्षा तुमच्या. माझं हिंदी म्हणजे भाजीवाल्यापुरतं.”

“बायकामाणसांत मी काय बोलणार, वहिनी? ते तुमचं काम.”

तर आज तिसरा दिवस. म्हातारीचं नाव डोलमा. सुलाबाई तिला डोलबाई म्हणत आणि ती ‘ओ’ देई. तिच्या मांडीवर अर्धा विणलेला स्वेटर होता. हात चालूच होते.

“डोलबाई, तुम हिंदी किधर सीखा?” काहीतरी बोलायचं म्हणून सुलाबाईंनी विचारलं.

“सड़क पे,” डोलमा हसून म्हणाली. “बर्फ में पैदल आया. फिर पहाड़ में सड़क का काम, पत्थर तोड़ा. बहुत साल. पहला हिंदी क्या सीखा, मालूम?”

“क्या?”

“‘आगे जाओ.’” ती आणखी हसली. पुढचा एक दात नव्हता, त्यामुळे हसू लहान मुलीसारखं दिसे. “सब यही बोलता था. हम समझा, ये नमस्ते है. हम भी सबको बोला, ‘आगे जाओ, आगे जाओ!’”

सुलाबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आता ते पाठ केलेलं वाक्य आपल्या तोंडून निघायचं नाही. त्यांनी पदर सारखा केला. कानटोपी सारखी केली.

“रविवार को इधर भगवान का काम है,” त्या म्हणाल्या. “कीर्तन. बहुत लोग आएगा.”

“अच्छा!”

“तो शनिवार तक ये जगह...” ‘निकल’ घशापर्यंत आला आणि खोकला होऊन बाहेर पडला. “ये जगह साफ होना मंगता. एकदम साफ.”

डोलमाचे हात थांबले. “साफ?”

“साफ,” सुलाबाई घोंगडीच्या दशांकडे बघत म्हणाल्या.

“पूरा?”

“पूरा.”

डोलमानं एकदा बागेकडे नजर फिरवली, मग मान हलवली. “ठीक बोला, माताजी. होगा.”

ओट्यापाशी गुरुजी होतेच.

“सांगितलं,” सुलाबाई म्हणाल्या.

“काय म्हणाली?”

“होईल म्हणाली.”

“वाद घातला असेल.”

“नाही हो. हसून म्हणाली.” आणि त्यांनी घरात जाऊन दार लावून घेतलं.

पुढचे तीन दिवस सुलाबाई बागेच्या रस्त्यानं गेल्या नाहीत. दूध आणायला पलीकडच्या गल्लीनं वळसा घालून जात. माणसांनी आपली गाठोडी बांधताना बघायची त्यांची तयारी नव्हती. गुरुजी बुवांना आणायला देवळ्याला गेले. कलाबाईनं मात्र बातमी आणलीच.

“बागेतून धूर निघतोय गं. दिवसभर खुडखुड चाललीय. आवराआवर दिसतीये.”

“असू दे,” सुलाबाई म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. एकच मूठ तांदूळ त्यांनी तीनदा निवडले.

शुक्रवारी संध्याकाळी कलाबाई त्यांना ओढूनच नदीच्या घाटावर कीर्तनाला घेऊन गेली. द्वारकेच्या दारात आलेल्या गरीब मित्राचं आख्यान लागलं होतं. फाटकं धोतर, फुटलेल्या टाचा, काखेत पुरचुंडी. या जागी सुलाबाई आजवर प्रत्येक वेळी रडल्या होत्या. पण या बुवांनी आख्यान मध्येच थांबवलं आणि त्या दाराशी उभ्या असलेल्या द्वारपालांकडे वळले.

“आता ते द्वारपाल काही वाईट नव्हते बरं का, माउली! घरी बायकापोरं होती, देवाचं नाव घेत होते. त्यांना फक्त सांगितलेलं काम करायचं होतं!”

श्रोते हसले. झांज वाजली. सुलाबाई हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत.

“आज काय गं, पदर कोरडाच?” कलाबाईनं कानाशी लागून विचारलं.

“सर्दी झालीय.”

“सर्दीत तर ओला पाहिजे!”

रविवारी सकाळी थंडी मी म्हणत होती. आदल्या रात्री परतलेले गुरुजी कोट, टोपी, धोतर अशा पुऱ्या थाटात आले. बुवा त्यांच्या घरी चहा घेत होते आणि मांडववाल्याची हातगाडी निघालेली होती. सुलाबाईंना घेऊन ते बागेकडे चालू लागले. सुलाबाई दोन पावलं मागंच राहिल्या.

फाटक गेली कित्येक वर्षं अर्धंच उघडे, तेही खांदा लावून. गुरुजींनी सवयीनं खांदा लावला आणि ते फाटकासकट आत गेले. टोपी सावरत त्यांनी वर बघितलं आणि तसेच उभे राहिले.

बागेत विटांच्या पायवाटा होत्या, हे सुलाबाई विसरूनच गेल्या होत्या. आता त्या एकीतून एक फुटत कारंज्यापर्यंत गेलेल्या दिसत होत्या, झाडून लख्ख केलेल्या. गाजरगवताचं नाव नव्हतं. कोपऱ्यात राखेचे ढीग होते. आतापर्यंत दिसलंच नव्हतं असं बकुळीचं एक झाड भर बागेत उभं होतं, आपणच दचकल्यासारखं. घसरगुंडीच्या भोकावर डब्याचा पत्रा ठोकून बसवला होता. झोपाळ्याला फळी होती, आणि ती रंगीबेरंगी लोकरीच्या जाड वेणीनं साखळीला बांधलेली होती. फरशी धुतलेली. ताडपत्र्या तिथून उचलून कुंपणाच्या भिंतीला लावलेल्या, आणि त्यांच्यापुढे सगळी तिबेटी मंडळी ओळीनं उभी, शाळेत तपासणीला साहेब यावा तशी. हातांना त्यांनी विकायला आणलेले लोकरी मोजे बांधले होते. मोजे हिरवे, काळे पडून फाटले होते.

डोलमा पुढं आली.

“साफ, माताजी?”

सुलाबाईंनी तिचे दोन्ही हात मोज्यांसकट धरले.

गुरुजींचा आवाज चढला. “वहिनी, तुम्ही यांना नेमकं काय सांगितलं होतं?”

“जागा साफ करा म्हणाले.”

“साफ? अहो, खाली करा म्हणायचं! साफ म्हणजे स्वच्छ! हिंदीत—”

“मला काय ठाऊक, गुरुजी? मी नांदगावची.”

“अकरा वर्षं...” गुरुजी बोलायला लागले आणि थांबले. पायवाटेच्या कडेला तिरप्या विटांची नक्षी होती. ती त्यांनीच उभं राहून लावून घेतली होती, समिती नवी असताना. त्यांनी काठीच्या टोकानं एक वीट हलवून पाहिली. घट्ट होती.

“मांडवाला जागा झाली,” सुलाबाई हळूच म्हणाल्या. “दहा मांडव मावतील.”

“प्रश्न मांडवाचा नाही, वहिनी.”

“मग कशाचा आहे?”

गुरुजी काठीनं दुसरी वीट हलवून पाहू लागले.

“बरं,” सुलाबाई म्हणाल्या. डोलमाचे हात त्यांनी अजून सोडले नव्हते. “माझं हिंदी अशुद्ध, माझ्याकडून चूक झाली. आता तुम्हीच सांगा. तुमच्या शुद्ध हिंदीत सांगा, म्हणजे पुन्हा घोटाळा व्हायला नको. हे बघा, सगळे समोर उभे आहेत.”

गुरुजी एक पाऊल पुढं झाले. घसा साफ केला. कोटाचं वरचं बटण लावलं, मग काढलं. ओळीतले सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एका तरुण बाईनं घाईघाईनं केसांतला गवताचा तुरा काढून मुठीत लपवला.

“बहनजी,” गुरुजी म्हणाले. वर्गातला आवाज, खणखणीत. त्यांची नजर त्या फाटक्या मोज्यांवर गेली. मग तोच आवाज, पण जरा उतरलेला: “उस कोने में... झाड़ियाँ अभी शेष हैं.”

ओळीत कुणाला काही कळलं नाही. ‘शेष’ हा शब्द रस्त्याच्या कामावर कधी ऐकलेला नसावा.

“क्या बोला, माताजी?” डोलमानं विचारलं.

सुलाबाईंनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी बकुळीकडे बघत होते.

“बोलता है,” सुलाबाईंनी आपल्या हिंदीत उलगडून सांगितलं, “उधर कोने में थोड़ा बाकी है.”

“हाँ, हाँ!” डोलमाचा चेहरा फुलला. “बड़ा काँटा है उधर. मोटा जड़. एक आदमी और चाहिए.”

फाटकाशी हातगाडीची चाकं वाजली. मांडववाला बांबू घेऊन आला आणि आत बघून तोंड उघडं टाकून उभा राहिला.

“गुरुजी, मांडव कुठं घालू?”

“विचार वहिनींना,” गुरुजी म्हणाले. त्यांनी कोट काढला, त्याची नीट घडी केली आणि तो झोपाळ्याच्या फळीवर ठेवला. धोतराचा काचा मारला. डोलमापुढं हात केला. तिनं क्षणभर त्या हाताकडे बघितलं, मग कोयता त्यात ठेवला.

कोपऱ्यात घाणेरीचं जुनं जाळं होतं. गुरुजींनी शेंड्यावर एक घाव घातला. फांदी नुसती झुलली. दुसरा घातला, तर त्यांची टोपी काट्यांत अडकून राहिली. ओळीतले सगळे हसू दाबत होते. दाबायचं कशाला म्हणून सुलाबाई मोकळेपणी हसल्या.

डोलमा पुढं झाली आणि तिनं त्यांचं मनगट धरून खाली वळवलं.

“ऐसे नहीं, मास्टरजी. जड़ के पास. नीचे से.”

तीस वर्षं कॉलनीतल्या सगळ्यांच्या चुका काढत आलेले गुरुजी उकिडवे बसले.

“जी,” ते म्हणाले.